चौतीस नंबरची बाई

डेन्मार्कच्या एका कंपनीला भाकरीचा सल्ला हवा होता आणि तो शेहजाद देणार होता. ज्याला माझ्या मेसचा गॅस लायटरने पेटवता येत नाही, तो शेहजाद.

मला हे कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि पोरांची जेवणं उरकली होती. जळगावच्या या भागात कॉलेजं वाढली तशा मेसही वाढल्या. माझी जुनी. साठ-सत्तर पोरं जेवतात, सगळी मला अक्का म्हणतात. शेहजाद धुळ्याचा, रूपाली यावलकडची, दोघंही एमबीएच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजने यंदा नवीन टूम काढली होती. दोघादोघांनी परदेशातल्या एका कंपनीचं काम करायचं. त्या कंपनीला जो प्रश्न पडला असेल त्याचं उत्तर शोधून अहवाल द्यायचा. अख्ख्या सत्राचे मार्क त्या अहवालावर.

यांच्या वाट्याला आलेली कंपनी विजेवर भाकरी थापणारं मशीन काढणार होती. इकडच्या लहान शहरांतल्या बायका ते घेतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्यासाठी साठ बायकांना भेटायचं आणि प्रत्येकीला तेवीस प्रश्न.

"मग भेटा की," मी म्हटलं. "साठ बायका काय, या गल्लीत निघतील."

"अक्का, गेलो होतो," शेहजाद म्हणाला. "पहिल्या घरी बाई म्हणाली, मालक घरी नाहीत. दुसऱ्या घरी मालक होते, तेच उत्तरं द्यायला लागले. तिसऱ्या घरी कुत्रं."

"आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे," रूपाली म्हणाली.

त्यांनी आधी कॉम्प्युटरकडून उत्तरं लिहून घेतली होती म्हणे, पण असली उत्तरं सरांचं सॉफ्टवेअर लगेच पकडतं. माणसाने दिलेलीच पाहिजेत. म्हणून दोघं माणूस शोधत माझ्याकडे आली.

रूपालीचं मला माहीत होतं. तिच्या वडिलांनी तिला दोन वर्षं दिली होती. केळीच्या बागेतून, भावकीतून, सगळ्यांचं ऐकून घेऊन दिलेली दोन वर्षं. ती मेमध्ये संपत होती. पास झाली तर पुण्याला नोकरी, नाही तर यावलची बस. ती हे कधी रडून सांगायची नाही. भाजी कमी तिखट आहे हे सांगावं तसं सांगायची.

तेव्हा मी साठ बायका झाले.

तीन दुपारी लागल्या. शेहजाद लॅपटॉपवर टाइप करायचा, रूपाली प्रश्न वाचायची, मी मेथी, गवार, लसूण जे हातात असेल ते निवडत उत्तरं द्यायचे. उत्तरं एकसारखी दिसायला नकोत म्हणून मी प्रत्येकीला घर दिलं. बारा नंबरची जामनेरची, तिला तीन म्हशी. सत्तावीस नंबरची धुळ्याची हसीनाबी, तिचा मुलगा वेगळा राहतो आणि जेवायला मात्र आईकडेच येतो. एकीची सासू खाटेवर होती. एकीला मशीन हवं होतं, पण लाल रंगाचंच. शेहजाद हसून हसून टाइप करायचा. मलाही मजा येत होती, खोटं का बोलू. पंचवीस वर्षांत माझं मत एवढ्या वेळा कोणी विचारलं नव्हतं, जरी ते दुसऱ्यांच्या नावावर जात होतं.

चौतिसाव्या बाईला मात्र माझ्याकडच्या बायका संपल्या. प्रश्न होता, या मशीनमुळे तुमचा रोज एक तास वाचला तर तुम्ही काय कराल? मी वर बघितलं. समोर आमची सुंदरबाई पाठमोरी बसून संध्याकाळच्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. माझ्याच माहेरची, सोनगीरची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अकरा वर्षं माझ्याकडे भाकरी करते. थप थप थप, एका लयीत. चेहरा दिसत नव्हता, पण मला ती फार शांत वाटली.

"लिही," मी शेहजादला म्हटलं. "मला मशीन नको. हात पिठात असतात तोवर मला कोणी दुसरं काम सांगत नाही. दिवसातला तेवढाच वेळ माझा आहे. तो कशाला वाचवू?"

शेहजादची बोटं थांबली. "अक्का, काय बोललात!"

"भारी आहे," रूपाली म्हणाली.

मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्या भरात पुढच्या चार बायका मी घाईने उरकल्या.

अहवाल गेला. आठ दिवसांनी डेन्मार्कहून इंगर नावाच्या बाईंचा निरोप आला. अहवाल त्यांना आवडला होता, पण चौतीस नंबर फार आवडली होती. शुक्रवारी त्यांची मोठी मीटिंग होती, मशीन काढायचं की गुंडाळायचं यावर. चौतीस नंबरच्या बाईंचं म्हणणं त्यांनी मोठ्या अक्षरात लावून ठेवलं होतं. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की, बाई जर असं म्हणत असेल तर आपण हा उद्योग करतोय कशाला? तर मीटिंगआधी या बाईंशी दहा मिनिटं बोलता येईल का? व्हिडिओवर?

दोघांची तोंडं उतरली होती.

"मी बसते की," मी म्हटलं. "चौतीस नंबर मीच ना?"

"तुम्हाला त्यांनी पाहिलंय," शेहजाद म्हणाला. "पहिल्या कॉलला आम्ही मेस दाखवली होती. तुम्ही हात केला होता."

केला होता. चांगला दोनदा केला होता.

मग तिघांचीही नजर चुलीकडे गेली.

सुंदरबाईला समजावायला फार वेळ लागला नाही. ती कशालाच फार वेळ लावत नाही.

"माले काय सांगनं शे?" तिने विचारलं.

"काही नाही मावशी," रूपाली म्हणाली. "त्या इंग्रजीत विचारतील, मी तुम्हाला मराठीत सांगेन. तुम्ही फक्त म्हणायचं, भाकरी थापायला आवडतं. बाकी मी बघते."

"बरं. जेवनी का ती?"

"कोण?"

"ती बाई."

"त्यांच्याकडे आत्ता बारा वाजले असतील, मावशी."

"मंग भूक लागी व्हई," सुंदरबाई म्हणाली आणि पदर सारखा करून खुर्चीवर बसली. अकरा वर्षांत माझ्या मेसमधल्या खुर्चीवर मी तिला पहिल्यांदा बसलेली बघत होते. ती नेहमी पाटावर असते. खुर्चीवर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

साडेतीनला कॉल लागला. इंगरबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. केस पांढरे, न रंगवलेले, डोळ्यांखाली काळं. त्याही थकलेल्याच दिसल्या. त्यांनी हात जोडून नमस्कार केला, तोही चुकवून, हात कपाळापर्यंत नेऊन. मग हळूहळू बरंच काही बोलल्या. मी लॅपटॉपमागे उभी होते, शेहजाद कॅमेऱ्याच्या खाली उकिडवा बसला होता.

"मावशी, त्या विचारतात, भाकरी थापताना तुम्हाला कसं वाटतं?" रूपाली म्हणाली.

सुंदरबाई पुढे वाकली. पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिली. त्या बाईही घाई करत नव्हत्या.

"हाई इचारी ऱ्हायनी का?" सुंदरबाईने पडद्याकडे बोट केलं. "हाई बाई? माले?"

"हो, तुम्हालाच."

"मंग सांग तिले. मना हात दुखस."

तिने उजवा हात पुढे केला, कॅमेऱ्यासमोर, बांगड्या मागे सारून. मनगटाला चिंधी बांधलेली होती. ती चिंधी मी रोज बघत होते. कुठल्यातरी देवाचा दोरा असेल अशी माझी समजूत होती. तिने ती सोडली. अंगठ्याच्या मुळाशी लिंबाएवढी सूज होती, कातडी ताणून चकचकीत झालेली.

"चार वरीस व्हयनात," ती म्हणाली. "आते डाव्या हातवर थापस."

डाव्या हातावर थापते हे मला माहीत होतं. पोरांना मी गमतीने सांगायचे, आमची सुंदरबाई डावरी झाली म्हातारपणी.

"आवडतं म्हण," खालून शेहजाद कुजबुजला. "रूपाली, लाइक्स इट, एवढंच म्हण. त्यांना काय कळतंय?"

ते खरं होतं. त्यांना काहीच कळलं नसतं. सूज त्यांना दिसली होती, पण सूज काय, कशाचीही सांगता आली असती. रूपालीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मला आजही नक्की सांगता येत नाही की मी तिला मोकळं सोडलं की घाबरले. पण त्या पोरीची दोन वर्षं माझ्या साठ बायकांवर उभी होती.

रूपाली इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी येत नाही, पण 'पेन' कळतं. ते मेसमधली पोरं दाढदुखीला म्हणतात. 'फोर इयर्स' कळलं.

इंगरबाईंनी कागद वर केला, त्यावरचं वाचून काही विचारलं. रूपालीचा आवाज बारीक झाला.

"मावशी, मशीन आलं आणि रोज एक तास वाचला, तर काय कराल?"

"झोपसू," सुंदरबाई म्हणाली.

एवढंच. मग पडद्यातल्या बाईला थेट, जोरात, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "मशीन धाड माय! बठ्ठासले धाड, पन पहिले माले."

सगळ्यांना धाड, पण आधी मला, हेही रूपालीने सांगितलं असावं, कारण इंगरबाई हसल्या. मग हसू ओसरलं. त्यांनी अगदी साधा, छोटा प्रश्न विचारला. रूपालीने तो मराठीत केला नाही, पण पोरांच्या चेहऱ्यांवरून तो मलाही कळला. कितीजणींना तुम्ही खरोखर भेटलात?

शेहजादने डोळे मिटून घेतले.

"वन," रूपाली म्हणाली. मग म्हणाली, "टुडे."

इंगरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आपल्याला ओरडण्याची सवय आहे. त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला, सुंदरबाईला पुन्हा तोच चुकीचा नमस्कार केला आणि पडदा काळा झाला.

"गई का?" सुंदरबाईने विचारलं. "जेवाले गई व्हई." आणि खुर्चीवरून उतरून पिठाकडे गेली.

मी तिच्या मागे गेले. "चार वरीस," मी म्हटलं. पोरांशी बोलून बोलून माझी भाषा पुस्तकी झालीय, पण तिच्याशी बोलताना सोनगीरचीच येते. "चार वरीस, आनि माले सांगं नई?"

तिने पीठ चाळायला घेतलं होतं. "तू कधी इचारं?"

त्यात टोमणा नव्हता. तिने आठवून बघितलं होतं, आणि तिला आठवलं नव्हतं.

कंपनीने मीटिंगमध्ये जळगावचा अहवाल ठेवला नाही. कॉलेजला पत्र आलं. सरांनी दोघांना बोलावून तासभर सुनावलं. त्याआधी हेच सर 'उत्तरं कॉम्प्युटरची नकोत' एवढंच बघत होते, पण ते असो. शेवटी निकाल असा की कंपनीचं काम गेलं, प्रमाणपत्रही नाही. मार्क हवे असतील तर वीस मेच्या आत साठ बायका, खऱ्या, प्रत्येकीच्या फोटोसकट. नाही तर वर्ष गेलं.

रूपालीने माझ्यासमोरच वडिलांना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, केळीला पाणी चालू आहे, ठेवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे वीस मेपर्यंत," ती म्हणाली आणि माझ्या माठातलं दोन तांबे पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी सुंदरबाईला दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि महिनाभर हात बंद ठेवायला सांगितलं. मी तिला घरी राहा म्हटलं, तर तिला घरी करमेना. ती येऊन बसते. भाकरी मी थापते. शेहजादने पहिली भाकरी उचलून उजेडात धरली.

"अक्का, हा धुळे जिल्हा आहे. इथे शिरपूर."

"खा गप."

"शिरपूर जळालंय पण."

दुपारी तीनला रूपालीने कोरा फॉर्म काढला. वर नंबर घातला, एक. उद्यापासून ती सोनगीरला जाणार होती, माझ्या माहेरी. तिथे माझी वहिनी दारादारात तिच्यासोबत फिरणार होती, मालक घरी असोत की नसोत. पण सुरुवात इथून.

सुंदरबाईला तिने खुर्ची दिली आणि पायाखाली तिचाच पाट ठेवला, म्हणजे पाय टेकले.

"किती प्रश्न शेतस?"

"तेवीस, मावशी."

"इतला? बरं, इचार."

नाव, गाव, घरात माणसं किती. रोज किती भाकरी. पहिली भाकरी कोणत्या वयात केली. तिथे ती जरा रेंगाळली. आठ का नऊ, आई शेतात होती, तवा उंच होता, दगडावर उभी राहिले होते. रूपालीने सगळं लिहिलं, फॉर्मच्या चौकटीबाहेर जाऊन, समासात. मी पाठमोरी बसून थापत होते. कान मागे होते. सहाव्या प्रश्नाला आवाज हळू झाला. सातव्याला उत्तरच आलं नाही.

मी वळून बघितलं. सुंदरबाईचा डोळा लागला होता. मान एका बाजूला, पट्टा बांधलेला हात मांडीवर वर करून ठेवलेला, कोणीतरी त्यावर काही ठेवणार असल्यासारखा.

शेहजादने रूपालीच्या खांद्यावरून फॉर्म बघितला. "सातवा. काम झाल्यावर किती थकवा येतो, एक ते पाच." तो सुंदरबाईकडे बघून हळूच म्हणाला, "हे तर दिसतंय. पाच टाक ना."

रूपालीने पेनाला टोपण लावलं.

"उठल्या की विचारू," ती म्हणाली.

माझ्या परातीत अजून बरंच पीठ होतं. मी पुढचा गोळा घेतला आणि आवाज होणार नाही असं, जमेल तितकं हलक्या हाताने थापू लागले.