पाच पंखे आणि सासूबाई

शनिवारी दुपारी साडेतीनला लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा वाचनालयाचं चित्र एकसष्ट टक्क्यांपर्यंत आलं होतं.

सून इमारतींचे आराखडे करायची. जुन्या वास्तूचं नवं रूप कसं दिसेल ते आधी संगणकात उभं करायचं, भिंतींवर ऊन-सावली चढवायची आणि खऱ्या फोटोसारखं चित्र काढून द्यायचं, हा तिचा व्यवसाय. घरातल्याच एका खोलीत टेबल मांडून ती काम करत असे. या वेळचं काम मोठं होतं. बसगाड्या ठेवायच्या एका जुन्या शेडचं मुलांसाठी वाचनालय करायचं होतं. चौघांकडून आराखडे मागवले होते, त्यातली ती एक. सोमवारी अकरा वाजता समितीसमोर चित्रं दाखवायची होती. ती तयार व्हायला लॅपटॉपने सलग चार तास राबायला हवं होतं, आणि तो अडीच तासांतच तापून मान टाकत होता.

"परत?" नवऱ्याने दारातून डोकावत विचारलं.

"परत."

तिने सगळे उपाय करून पाहिले होते. लॅपटॉपखाली दोन उलट्या वाट्या ठेवल्या, तर टाइप करताना तो डुगडुगायला लागला. टेबलफॅन लावला, तर नकाशे खोलीभर झाले. शेवटी ती नुसती पुठ्ठ्याने वारा घालत बसली होती.

नवऱ्याला स्वस्थ बसवेना. तो चपला घालून बाहेर पडला आणि तासाभरात एक चपटा खोका घेऊन आला. त्यात कूलिंग पॅड होता. वर जाळी, जाळीखाली पाच पंखे आणि कडेने निळे दिवे.

"दुकानदार म्हणाला, यावर ठेवला की लॅपटॉपला स्वेटर घालायची वेळ येईल," त्याने अभिमानाने सांगितलं.

पॅड सुरू केला तेव्हा असा घरघराट झाला, की शेजारच्या खोलीतून सासूबाई चष्मा कपाळावर सारत बाहेर आल्या.

सासूबाई आठ महिन्यांपूर्वी इथे राहायला आल्या होत्या. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी अंडी उबवणी केंद्रात काढली होती. एकेका यंत्रात हजारो अंडी असायची, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायचं काम त्यांचं. निवृत्त झाल्यावर लेकाने आग्रह करून त्यांना इकडे आणलं. पण इथे करायला काही नव्हतं. सून त्यांना कशाला हात लावू देत नसे, त्या सुनेला कशाबद्दल बोलत नसत. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायच्या, की घरात दोन पाहुण्या उतरल्या आहेत आणि यजमान कुठे बाहेर गेलाय असं वाटावं.

"काही नाही आई, लॅपटॉप थंड करतोय," लेक म्हणाला.

सासूबाईंनी क्षणभर कान देऊन ऐकलं. "एक पंखा घासतोय," एवढंच म्हणून त्या परत गेल्या.

रविवारी सकाळी सुनेने पुन्हा सुरुवात केली. पाचही पंखे फिरत होते, निळे दिवे झगमगत होते. चित्र सत्तर टक्क्यांवर गेलं आणि पडदा काळा झाला. तिने टेबलावर डोकं टेकलं. नवरा मित्राकडे गेला होता, येताना भाजी आणणार होता. घर अगदी शांत होतं, फक्त पॅड बिचारा इमानदारीने घरघरत होता.

"मी हात लावू का जरा?"

सुनेने मान वर केली. सासूबाई टेबलाशी उभ्या होत्या.

"लावा ना, आई. आता काय व्हायचंय आणखी."

सासूबाईंनी तळहात न लावता हाताची मागची बाजू लॅपटॉपखाली धरली, जशी आपण ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावतो तशी. मग म्हणाल्या, "हा चालू कर बघू. आणि मला एक टिश्यू पेपर दे."

टिश्यूची एक बोटभर पट्टी फाडून त्यांनी ती लॅपटॉपच्या कडेने फिरवली. मागच्या फटीपाशी पट्टी जेमतेम हलली.

"इथून गरम हवा बाहेर पडायला हवी ना? ही तर आजाऱ्याच्या श्वासासारखी येतेय. आणि आत कुठून घेतो?"

सुनेने लॅपटॉप उचलून तळ दाखवला. मागच्या कडेला बारीक भोकांची एक पट्टी होती. सासूबाईंनी तो पुन्हा पॅडवर ठेवला, वाकून खालून पाहिलं आणि हसल्या.

"अगं, याचं नाक नेमकं पॅडच्या कोऱ्या प्लॅस्टिकवर आलंय. पाच पंखे पोटाला वारा घालतायत आणि नाक दाबलेलं. त्यातून आत कचरा साठला असणार. कधी साफ केलास?"

"घेतल्यापासून कधीच नाही," सून ओशाळून म्हणाली.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला रविवारीही दुकान उघडं ठेवायचा. दोघी लॅपटॉप घेऊन निघाल्या. एकत्र अशा त्या पहिल्यांदाच कुठे चालल्या होत्या, हे रस्ता ओलांडताना सुनेच्या लक्षात आलं. दुरुस्तीवाल्याने तळाचे स्क्रू काढले आणि आतल्या चिमुकल्या पंख्यासमोरून चिमट्याने धुळीचा एक जाड थर अलगद उचलला.

"चार वर्षं झाली असतील," तो म्हणाला.

"पाच," सून पुटपुटली.

"चिमणीचं अर्धं घरटं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला इतके प्रश्न विचारले, की तो काम थांबवून पेन घेऊन कागदावर हवेचा मार्ग काढून दाखवू लागला. त्याने पंखा साफ केला, उष्णता बाहेर वाहून नेणारी आतली सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि झाकण बसवलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढायला लावलं. "नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवा हा परत आत ओढणार." मग लॅपटॉप पॅडवर चार बोटं पुढे सरकवून नाक पंख्यांवर आणलं. घासणाऱ्या पंख्याच्या जाळीत वेष्टनाचा एक तुकडा अडकला होता, तोही काढला. घरघर एकदम खाली आली.

चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा होता. काल तो शहाण्णववर जाऊन भिडायचा, आज अठ्ठ्याहत्तरवर ठाण मांडून बसला. सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि दर पंधरा मिनिटांनी रद्दीतल्या एका कागदावर आकडा लिहू लागल्या. गेल्या आठ महिन्यांत सुनेने त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

पडद्यावर हळूहळू वाचनालय उमटत होतं. उंच पत्र्याचं छत, खाली कपाटांच्या रांगा, गालिच्यावर बसलेली मुलं.

"छान झालंय गं," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "इथे हवा बाहेर कुठून जाणार?"

"खिडक्या आहेत ना, आई."

"त्या खाली आहेत. गरम हवा वर जाते. मुलं किती बसणार?"

"ऐंशी."

"ऐंशी जिवंत माणसं. आमच्या यंत्रात शेवटच्या आठवड्यात अंड्यांतली पिल्लंच इतकी उष्णता सोडायची, की आम्ही ऊब बंद करून नुसती हवा खेळवायचो. नाहीतर सगळी अंडी वाया गेली असती."

सुनेला राग आला. चित्र पस्तीस टक्के झालं होतं, उद्या अकराला समिती होती. "छत जसंच्या तसं ठेवायचं ठरलंय," ती जरा तुटकपणे म्हणाली.

"बरं," म्हणून सासूबाई चहा टाकायला उठल्या.

सून पडद्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला त्या शेडमध्ये मोजमापं घेतली तो दिवस आठवला. दुपारी आत दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं आणि ती बाहेर येऊन घाम पुसत होती. हे आपण आराखड्यात कुठे विसरलो? तिने स्वतःच थांबवायचं बटण दाबलं.

चहा घेऊन सासूबाई आल्या तेव्हा ती छताच्या माथ्यावर आडवी फट पाडत होती. त्यावर थोडं उंच दुसरं छोटं छप्पर, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि हवा निघून जाईल.

"एवढी रुंदी पुरेल?" तिने विचारलं.

"अजून वीतभर घे."

तेवढ्यात नवरा भाजीची पिशवी घेऊन दारात आला. "कितीवर आलंय?"

"शून्यावर," दोघी एकदम म्हणाल्या. तो पिशवी हातात धरूनच खुर्चीत बसला.

पण त्या दिवशी लॅपटॉपने सगळ्यांना चकित केलं. तापत नसल्यामुळे तो धापा न टाकता चालला आणि चार तासांचं काम तीन तासांत उरकून मोकळा झाला. जेवणाची ताटं मांडायच्या आत सगळी चित्रं तयार होती.

सोमवारी समितीतल्या एका वयस्कर बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: भर उन्हाळ्यात आत काय होईल? बाकीच्यांनी एसीचं नाव घेतलं. सुनेने छताचं चित्र पुढे केलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. ही कल्पना कुणाची, तेही सांगून टाकलं. समितीला वाटलं ती गंमत करतेय.

दहा दिवसांनी फोन आला. तिचा आराखडा निवडला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं झालं," आणि पुढचा अर्धा तास बहिणीला फोन करून सगळं पहिल्यापासून सांगत बसल्या. अंड्यांचा उल्लेख त्यात लॅपटॉपपेक्षा जास्त होता.

काम सुरू झालं त्या दिवशी सून त्यांना बरोबर घेऊन गेली. छताच्या फटीला जाळी लावायची की नाही यावरून कंत्राटदाराचं आणि त्यांचं लगेच वाजलं. जाळीची काही गरज नाही, पक्षी एवढ्या वर येत नाहीत, असं तो म्हणत होता.

"पक्ष्यांचं मला सांगू नका," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने दोघांना तसंच वाद घालत सोडलं आणि टेप घेऊन ती शिडी चढायला लागली.