दवाखान्यासाठी हडताल

मिल बंद पडून वर्ष झालं, तरी शंकररावांच्या अंगातली युनियन काही गेली नव्हती. चाळीजवळचा छोटा दवाखाना नगर निगम खर्चकपातीत बंद करणार, अशी कुणकुण लागली आणि लोक त्यांच्याच ओट्यावर जमले. पुन्हा कोणीतरी विचारतंय म्हटल्यावर शंकररावांना चेव चढला. तीस वर्षांत त्यांना एकच हत्यार चालवता आलं होतं, तेच त्यांनी आताही काढलं.

"हडताल," ते म्हणाले. "निगम लेखी देत नाही तोवर दवाखान्यात कोणी पाय ठेवायचा नाही. फाटकासमोर बसायचं, बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना तरी दुसरं काय येत होतं? मिलमधले साचे थांबले की मालक धावत येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दवाखान्यातल्या नर्स द्वारकाबाई मात्र घुटमळल्या. "भिया, पेशंटच नाही आले तर मी रजिस्टरमध्ये काय लिहू?"

"कोरं ठेवा. कोरी पानं बघूनच वरच्यांची झोप उडेल."

पहिल्याच सकाळी शंकररावांची बायको यमुना सवयीने पिशवी घेऊन निघाली. तिला शुगर होती आणि टाचेची जखम भरत नव्हती. द्वारकाबाई एक दिवसाआड पट्टी करायच्या. शंकररावांनी तिला दारातच अडवलं. "तूच गेलीस तर लोक काय म्हणतील? चार दिवसांचा तर सवाल आहे." तिने पिशवी परत खुंटीला अडकवली.

चार दिवसांचे एकवीस झाले. घोषणा झाल्या, चहा झाला, पण एक माणूस फुटला नाही. शंकररावांची छाती अभिमानाने भरून यायची. यमुना घरीच गरम पाण्याने जखम धुवायची, जुन्या धोतराची चिंधी बांधायची आणि विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. त्यांनीही कधी वाकून पाहिलं नाही.

बाविसाव्या दिवशी निगमच्या बाबूने फाटकावर कागद चिकटवला. शंकरराव आवेशाने मोठ्यांदा वाचू लागले. तीन आठवड्यांत एकही रुग्ण आला नाही, सबब या वस्तीला दवाखान्याची गरज उरलेली नाही. पुढचं त्यांना वाचवेना. फाटकासमोरची माणसं एकेक करून घरी निघाली. द्वारकाबाईंनी किल्ली बाबूच्या हातात दिली आणि शंकररावांकडे न बघता गेल्या.

घरात पाऊल टाकताच त्यांना जखमेचा वास आला. इतके दिवस तो आला कसा नाही, देव जाणे. यमुनेचा पाय सुजून काळवंडला होता. माणसं घरी परतताना तिने खिडकीतून पाहिली होती.

"मिटली का हडताल?"

"मिटली."

"बरं झालं बाई." तिने खुंटीवरची पिशवी काढली. "मग उद्या जाऊ ना मी पट्टी करायला?"

शंकररावांनी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि चिंधीची गाठ सोडू लागले. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना गाठच दिसेना.