लिंबाएवढा मुद्दा

मी नाचणीची घोटणी बोलतेय. कर्नाटकात मंड्याकडच्या एका खेड्यात, केंपम्माच्या चुलीशेजारी भिंतीला टेकून उभी असते. उकळत्या पाण्यात नाचणीचं पीठ पडलं की मला आत घालायचं आणि गुठळी मोडेपर्यंत घोटत राहायचं. मग ओल्या हाताने त्याचा गोळा वळायचा. त्या गोळ्याला इथे मुद्दा म्हणतात. तो चावत नाहीत, सारात बुडवून गिळतात.

मी मूळची चिंचेची फांदी. केंपम्मा नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी मला तासून तिच्या हातात दिलं. तिच्या तळव्याच्या घट्ट्यांनी मी गुळगुळीत झाले.

स्वभावाने मी जळकी. सणाला पांढरा भात शिजला की पोरं नाचायची आणि माझ्या अंगाचा भडका उडायचा. वर्षभर पोट मी भरायचं आणि कौतुक त्या भाताचं!

पण केंपम्माचा नवरा जवरेगौडा माझा होता. औत धरायला निघण्याआधी कवठाएवढे दोन मुद्दे गिळायचा, वर कुळथाचं सार. म्हणायचा, "पोटात दगड बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तरच नांगर सरळ चालतो."

पुढे बैल विकले, शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरू लागले. मुलगा लिंगराजू नोकरीला लागला, त्याची बायको भाग्या घरात आली आणि तिच्यासोबत आला कुकर. काय तो तोरा! कामधाम काही नाही, नुसती शिट्टी मारायची, की सगळं घर धावतंय.

"आत्याबाई, खांदे भरून येतात तुमचे. राहू द्या ती घोटणी," भाग्या म्हणाली. मनाने चांगली पोर, पण मला ती सवतच वाटली. "आणि पाहुण्यांच्या ताटात मुद्दा वाढला तर लोक हसतील."

माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मी बघत होते. जवरेगौडा तिन्ही वेळा भाताचे डोंगर उपसायचा आणि देवळाच्या कट्ट्यावर पत्ते कुटायचा. तिथेच दिवसभर गोड कॉफी. पोट सुटलं, धाप लागू लागली. एकदा पायात काटा मोडला तो त्याला कळलाच नाही. जखम चिघळली. तालुक्याच्या दवाखान्यात साखर निघाली आणि पायाचं एक बोट कापावं लागलं.

घरी येताच तो गरजला, "आजपासून भात बंद! केंपी, घोटणी काढ. पूर्वीसारखे दोन मुद्दे!"

माळ्यावरून मी उतरले आणि कुकर चढला. खोटं कशाला बोलू, त्याच्या बोटाचं दुःख मला नंतर झालं. आधी आनंद झाला.

पण जखम भरेना, साखरही उतरेना. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टर शाहीन घरीच पट्टी बदलायला आल्या. नेमकं जेवण चाललेलं. ताटातले दोन मुद्दे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो गौडा, एवढं कोणासाठी?"

"नाचणी औषध आहे म्हणतात की, बाई!"

"नाचणी चांगलीच. तिचा कोंडा पोटात जातो, पांढऱ्या भातात तो नसतो. पण तीही शेवटी पीठच. बैलामागे चालत होता तेव्हाचं जेवण कट्ट्यावर बसून कसं पचेल? लिंबाएवढा मुद्दा घ्या. ताट पालेभाजीनं आणि उसळीनं भरा. गोळ्या चुकवू नका आणि पाय बरा झाला की चाला."

"लिंबाएवढा?" जवरेगौडाने ताट सरकवलं. "माझा बाप असता तर एवढंसं खाणाऱ्या मला त्यानं घराबाहेर काढलं असतं!"

केंपम्मा आजवर नवऱ्याला उलटून बोलली नव्हती. आज उठली, एक मुद्दा उचलून पातेल्यात टाकला, दुसरा मोडून चिमुकला केला. "तुमचे वडील दोन पायांनी स्मशानाजवळच्या शेतापर्यंत जायचे. तुम्हाला पाय हवाय की मुद्दा? बोला. मी उचलून नेणार नाही, सांगून ठेवते!"

मग भाग्या शेवग्याचा पाला खुडून घेऊन आली, मान खाली घालून म्हणाली, "मामंजी, मीही तेच खाईन." तेव्हा कुठे त्याने घास घेतला.

जखम भरायला उन्हाळा उजाडला. बाकीची बोटं वाचली. आता तो बांधापर्यंत चालत जातो आणि वाटेत भेटेल त्याला डॉक्टरीणबाईंचं बोलणं स्वतःचं म्हणून ऐकवतो.

आणि मी? माझं काम उरलं मूठभर पिठाचं. माळ्यावरचा कुकर पुन्हा खाली आलाय, त्यात कुळीथ शिजतात. आता तर त्या शेवग्याच्या पाल्याचाही मला मत्सर वाटतो. काल फांदीवर होता आणि आज ताटाच्या मधोमध बसतो!

बाबांनो, तुम्हाला माझं एकच मागणं. मला थोडंच घोटा, पण रोज घोटा. माझी जळजळ माझ्यापाशी राहू द्या. जेवून उठणारा माणूस स्वतःच्या दोन पायांवर उठला, की मला पुरतं.