बाप्पा जाऊ दे

नवरा गप्प बसला की मला संशय येतो, आणि माझा संशय सहसा फुकट जात नाही.

पार्ल्याच्या आमच्या सोसायटीत गणपतीत वादविवाद स्पर्धा असते. यंदाचा विषय होता, ‘एवढी भयंकर मंदी आली कशामुळे?’ दरवर्षी बक्षीस माझ्या नवऱ्याचं, अनंतचंच. त्यातून कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम त्याच्याकडे, म्हणजे विषय घरचाच. तरी या वर्षी तयारी नाही, जेवणात लक्ष नाही. मी विचारलं की म्हणे, “काही नाही गं.” काही नाही म्हणजे काहीतरी आहेच.

स्पर्धेत त्याच्यासमोर उभा होता राजेश, आमचा शेजारी आणि अनंतचा जिवलग मित्र. त्याच्या मुलीला, जान्हवीला, अनंतनेच आपल्या कंपनीत लावलं होतं.

“मंदी आपल्या डोक्यात आहे!” राजेश माईकवर सुटला. “सगळे घाबरून पैसे दाबून बसलेत. कोणी काही घेतलंच नाही तर माल खपणार कसा? मी नाही घाबरत बाबा. जान्हवीच्या पगारावर कालच गाडी बुक केली. विसर्जनाला आमचा बाप्पा त्याच गाडीतून!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनंत उठला, “माल खपत नाही म्हणून कंपन्या माणसं काढतात,” एवढंच बोलला, जान्हवीकडे बघितलं आणि खाली बसला.

मी त्याला स्टेजमागे गाठलं. “खरं सांग. जान्हवीला काढताय?”

“गेल्या आठवड्यातच ठरलं.”

“आणि तू गप्प?”

“त्यांच्या घरी गणपती बसलाय, कुंदा. सणासुदीत कसं सांगायचं? म्हटलं, बाप्पा जाऊ दे.”

“तोवर त्याने गाडी बुक केली!” त्याच्या चांगुलपणाचा मला इतका संताप आधी कधी आला नव्हता. “आत्ता सांग. नाहीतर मी सांगते.”

तेवढ्यात जान्हवीला घेऊन राजेश आलाच, जिंकल्याचे पेढे वाटत. अनंतने त्याचा हात धरला.

“राजेश, गाडी घेऊ नकोस. मंदी खरी आहे रे.”

राजेश खो खो हसला. “हरलास ना? मग आता कसले मुद्दे काढतोस! आ कर, पेढा खा.”

जान्हवी हसली नाही. ती अनंतकडे बघत होती.

“काका,” ती म्हणाली, “माझी नोकरी गेली ना?”

राजेशचा हात पेढ्यासकट अनंतच्या तोंडाशी तसाच राहिला.