सोनेरी लेबलाची बाटली

वाईनच्या बाबतीत दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोनेरी लेबलाची ती महागडी बाटली सोडली, तर बाकी सगळं त्याच्या लेखी रंगाचं पाणी.

धाकटा भाऊ वाईनच्या दुकानात विक्रेता. एका वाढदिवसाला पोटाला चिमटा काढून त्यानं ती बाटली आणली. दादानं तोंडभर कौतुक केलं आणि ग्लास अर्धा तसाच ठेवला. पिणार कसा, कप्पाळ! नुसती आंबट नि तुरट. मग धाकट्यानं दुकानातल्या खालच्या फळीवरच्या स्वस्त बाटल्या एकेक करून चाखल्या, तेव्हा कुठे एक साधी, जिवाला बरी वाटणारी सापडली. पण साध्या लेबलाला दादा हात लावील तर शपथ! म्हणून दर वाढदिवसाला स्वयंपाकघरात वहिनी ती जुनी, रिकामी सोनेरी बाटली काढून द्यायची आणि धाकटा तिच्यात स्वस्तातली ओतायचा. ‘आधी उघडून ठेवावी लागते, हवा लागली की खुलते,’ ही थाप दादाला पटली होती. मिटक्या मारत प्यायचा.

यंदा दादानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. हवं ते द्या, म्हणाले. दादानं तीच मागितली.

धाकट्याला वाटलं, निघालेल्या माणसाला आता कसलं फसवायचं?

“भावोजी, नेहमीचीच द्या,” वहिनी म्हणाली. “त्यांना तीच आवडते.”

ऐकेल तर तो धाकटा कसला. त्यानं खरी, महागडी बाटली आणली आणि दादाच्या डोळ्यांदेखत उघडली.

दादानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि ग्लास खाली ठेवला.

“ही ती नव्हे.”

“तीच आहे, दादा. तुझ्यासमोर तर उघडली.”

“इतकी वर्षं पितोय, मला कळत नाही होय?” दादा चिडला असता तर परवडलं असतं. “हात तंग होता तर सांगायचंस रे. मी मागितलीच नसती.”

आता धाकटा सांगणार काय? आजवरची सगळी खोटी होती म्हणून? म्हणजे होती तेवढी गोडीही काढून घ्यायची. चपला पायात सरकवून तो दुकानाकडे धावला. नेहमीची घेऊन आला, तर वहिनीनं जुनी बाटली काढून ठेवलीच होती.

भरलेला ग्लास पुढे केला तेव्हा दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुला भुर्दंड नको.”

त्या ग्लासाला त्यानं तोंड लावलं नाही. पुढं दादा गेला, तो भावानं ऐन वेळी हात आखडला हाच समज घेऊन गेला.