'पाळीक्रम' नावाचं फंक्शनच नाही

नजीरभाईंना आमच्या पाणीवाटप संस्थेनं नारळ दिला. खरा नारळ, शाल वगैरे कुणी दिलं नाही. तेवढी दानत मेहकरच्या आमच्या कमिटीत नाही. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, ही यादी काढणारा सगळा प्रोग्राम बारा वर्षांत त्यांनी एकट्यानं लिहिला होता. त्यांच्या जागी आली पुण्याची कंपनी. ती आमच्या संस्थेचे सचिव वामनराव यांच्या जावयाची, हे सांगायला नकोच.

कंपनीनं डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला आणि दुसऱ्या दिवशी यादी निघेना. पडद्यावर एकच ओळ: 'पाळीक्रम' नावाचं फंक्शनच नाही. म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्रामातला तुकडाच गायब. खिडकीवर लोक भांडायला लागले.

"त्या नजीरनंच जाता जाता काड्या केल्या," वामनराव म्हणाले. "आता त्याले अनुभवाचं पत्र देतच नाही मी!"

बुलढाण्याच्या एका कॉलेजात नजीरभाईंची नोकरी ठरली होती. शनिवारपर्यंत पत्र दिलं नाही, तर जागा दुसऱ्याला.

संस्थेचे संगणक कंत्राटावर सांभाळणारी मी. दोन दिवस डोकेफोड केली. गंमत अशी की हातानं चालवलं तर फंक्शन मुकाट चालायचं. साठवलेली यादी ताजी करायला गेलं की 'नाही' म्हणायचं. शेवटी नव्या आवृत्तीची टिपणं उघडली आणि कपाळावर हात मारला. यादी ताजी करताना नवी आवृत्ती आपल्या ठरलेल्या जागेपलीकडे बघतच नाही. नजीरभाईंची फंक्शनं 'कालवा' नावाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि आतल्या ओळीत त्यांनी लिहिलेलं नुसतं 'पाळीक्रम'. माणूस दुसरबीडचा! तिथे पारावरून "शेषराव!" अशी हाक मारली की पाच शेषरावांतला नेमका हवा तोच ओ देतो. जुना डेटाबेसही तसाच गावातला होता. नव्याला आडनावासकट नाव लागतं. मी 'कालवा.पाळीक्रम' लिहिलं आणि यादी निघाली.

मूर्खासारखी आनंदानं वामनरावांकडे गेले. म्हटलं, नजीरभाईंनी काही बिघडवलं नाही, त्यांनी लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. नियम नंतर बदलला. टिपणात छापलंय, कंपनीनं वाचलं नाही.

"म्हंजे कमिटीपुढं जावयाचं नाव लिवू का, मॅडम?" त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'आधीच्या कर्मचाऱ्याच्या सदोष कामामुळे बिघाड.' खाली माझं नाव. "सही करा. तुमचं कंत्राट बी याच महिन्यात संपून राह्यलं ना?"

मी सही केली. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत, आणि एकही सांगण्यासारखं नाही. वामनरावांपेक्षा माझाच मला संताप आला. पण सही करून झाल्यावर आलेला संताप काय चुलीत घालायचा?

शुक्रवारी नजीरभाईंचा फोन आला.

"ताई, यादी निघाली म्हंते? शाब्बास! काऊन अडली होती?"

"आत नुसतं 'पाळीक्रम' होतं. कप्प्याचं नाव नव्हतं."

ते मोकळेपणानं हसले. "अरे अल्ला! म्हंजे माहीच चूक होती म्हना ना."

"हो," मी म्हणाले.