डाव्या मडगार्डाचा रंग

"वहिनी, रंग ओरिजिनल आहे ना?" मिशीवाल्याने डाव्या मडगार्डाशी वाकून विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

अंगणातल्या पांढऱ्या गाडीभोवती तिच्या नवऱ्याचे तीन मित्र घिरट्या घालत होते. नवरा जन्मभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, पण सुट्टीचा दिवस गाड्यांचा. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी त्याला ओढून न्यायचे. तो इंजिनाचा आवाज ऐकायचा, दारांच्या फटींवरून बोट फिरवायचा आणि "घे" किंवा "सोड" एवढंच म्हणायचा. आता त्याला मित्रांची नावं आठवत नव्हती. कधीकधी बायकोही.

पाय मात्र क्लच-ब्रेक विसरले नव्हते. तिने पिठाच्या डब्यात लपवलेली किल्ली त्याने चार दिवसांपूर्वी शोधून काढली आणि गाडी थेट शाळेच्या फाटकावर घातली. एक मुलगी थोडक्यात वाचली. मुलीच्या आईने तिला ओढून छातीशी धरलं. त्या दिवसापासून त्याची बायको दाराला आडवी खाट टाकून झोपत होती. मडगार्ड तिने घाईघाईने ठोकून, रंगवून घेतलं होतं. गाडी आज दारातून जायलाच हवी होती.

"किलोमीटरचं काय घेऊन बसलास? काटा कुणीही मागे फिरवतो," टकलू म्हणाला. "पेडलचं रबर बघ. ते खोटं बोलत नाही."

"मी तर म्हणतो, एकाच मालकाची गाडी डोळे मिटून घ्यावी," तिसरा म्हणाला. "असा जाड पत्रा आता मिळतो कुठे?"

"पत्रा काय चाटायचाय? सुटे भाग कुठून आणणार?"

"हौसेला मोल नसतं रे," मिशीवाला हसला. "वहिनी, मी नेतो."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच घराचं दार उघडलं. नवरा बाहेर आला. केस नीट विंचरलेले, शर्टाची बटणं मात्र एकेक घर चुकलेली.

"कुणाची गाडी?" त्याने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मिशीवाल्याने हळूच तिच्याकडे बोट केलं. "यांची. घेऊ का?"

तो गाडीभोवती फिरला. दारं उघडून लावून पाहिली. डाव्या मडगार्डापाशी थांबला, वाकला, वास घेतला.

"हे ठोकलेलंय. रंगाचा वास अजून येतोय." तो तिच्याकडे वळला. "बाई, ठोकलीत तर सांगायचं. घेणारा आपली पोरंबाळं बसवून नेतो." आणि मिशीवाल्याला म्हणाला, "सोड."

मिशीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिघेही फाटकाकडे निघाले. ती अनवाणी त्यांच्यामागे धावली.

"भावजी, फुकट न्या. मी खोटं बोलले, चुकलं माझं. पण न्या हो! आज ना उद्या त्यांच्या हातून कुणाचं तरी लेकरू जाईल!"

"वहिनी, तो 'सोड' म्हणाला," मिशीवाल्याने खिशातून फोन काढला. "त्याने सोड म्हटलेली गाडी मी आजवर घेतली नाही. भंगारवाल्याला फोन लावतो. चालेल?"

तिने मान डोलावली.

ती पायरीवर येऊन बसली, तसा नवरा जरा अंतर ठेवून शेजारी टेकला. परक्या बाईशेजारी बसावं तसा.

"वाईट वाटून घेऊ नका. गाडी ठेवलीय मात्र झकास. कुणाची हो?"

"माझ्या नवऱ्याची."

"मग काढता कशाला?"

"त्यांना आता काही आठवत नाही. तरी चालवायला जातात."

त्याने गाडीकडे पाहिलं. "मग द्याच. अशा माणसाच्या हातात किल्ली नको." मग म्हणाला, "बिचारा."

तिने पदर तोंडात कोंबला.

दुपारी भंगारवाल्याचा ट्रक आला आणि त्याच्या माणसांनी गाडी साखळीने वर ओढून घेतली. फाटक अरुंद; ट्रक मागे घेताना ट्रकवाला चाचपडू लागला. नवरा तरातरा रस्त्यावर गेला, दोन्ही हात उंचावून उभा राहिला.

"येऊ दे... येऊ दे... जरा उजवीकडे घे... हां, येऊ दे..."

गाडीला कुठेही ओरखडा न उठता ट्रक बाहेर पडला आणि कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. रस्ता मोकळा झाला तरी त्याचे हात खाली आले नाहीत.

"येऊ दे," तो म्हणत होता, "येऊ दे..."

ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्या शर्टाची बटणं एकेक करून नीट लावू लागली.